बाराव्या प्रश्नानंतर

शिल्पा : मॅडम, ही बाई पुन्हा आली.

शांता : कोण? दारात तर कुणी दिसत नाही.

शिल्पा : दारात नाही, कॅसेटमध्ये. तुमच्या शहाऐंशी सालच्या बाळंतपणाच्या सर्वेच्या मुलाखती कॉम्प्युटरवर चढवतेय ना मी. सोमवारी तारामतीची केली. बाराव्या प्रश्नानंतर ती विचारते, “बाई, रक्त थांबेना. दवाखान्यात जाऊ का?” आणि तुम्ही म्हणता, “प्रश्न तेरावा.”

शांता : हो. तसंच म्हणाले होते मी.

शिल्पा : पण काल भाग्यलक्ष्मीच्या कॅसेटमध्ये पण हीच बोलली. आज सावित्रीबाईच्या. बाया वेगळ्या, गल्ल्या वेगळ्या, आवाज हाच. मी पुरी परेशान झाले.

शांता : जुन्या टेपा त्या. एकीवर दुसरी भरली गेली असेल.

शिल्पा : हौ, मला पण तसंच वाटलं. मग आज ती “चाळीस वर्षं झाली, बाई” असं कसं म्हणाली?

शांता : ...दार लोटून घे.

शिल्पा : तुम्हाला ठाऊक होतं?

शांता : म्हणून तर या कॅसेटांच्या कपाटाला कुलूप होतं. कॉलेजनं मागितल्या तेव्हा वाटलं, आता तरी थांबली असेल. अगं, संशोधकानं सल्ला द्यायचा नाही, पुढची उत्तरं बदलतात, असा आमचा दंडक. विद्यार्थ्यांनाही मी जन्मभर तोच शिकवला. तारामती तिसऱ्या दिवशी वारली. माझ्या फॉर्मचे रकाने मात्र सगळे भरलेले.

शिल्पा : पण नंतर तुम्ही काचीगुड्याचं घर विकून दिलसुखनगरला बाळंतिणींचा दवाखाना काढला. हजारो बाया वाचल्या. रविवारचा सत्कार काय उगाच आहे?

शांता : त्या हजारोंनी मला विचारलं नव्हतं, शिल्पा. हिनं विचारलं होतं.

शिल्पा : रविवारी हे सगळं जामबागच्या कॉलेजला द्यायचंय. मुलं ऐकतील. तुमचं नाव खराब होईल, मॅडम. तेवढा आवाज काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम आहे.

शांता : काढू नकोस. लाज वाटते मला, आणि भीतीही वाटते. पण काढू नकोस. तारामतीची कॅसेट लाव.

शिल्पा : आत्ता? नक्को, मॅडम. तुमचं बीपी...

शांता : लाव म्हणते ना.

(टेप सुरू होते.)

तारामती : बाई, रक्त थांबेना. दवाखान्यात जाऊ का?

शांता : जा. आत्ताच्या आत्ता जा, तारामती. एकटी नको जाऊस, मी येते सोबत.

शिल्पा : मॅडम... इथं तुमचा “प्रश्न तेरावा” यायला पाहिजे होता. आलाच नाही. टेप तर फिरतेय.

तारामती : चला मग, बाई.

शिल्पा : मॅडम, उठू नका! बसा, मी बंद करते.

शांता : राहू दे. माझ्या चपला दे इकडं. किती वेळ उभी आहे ती.