डोंग्याच्या भांडणात वहिनी पंच

अरे, आमच्या रिसालीच्या वामनरावनं डोंगा घेतला, ते ऐकलं का? स्टील प्लांटातून रिटायर झाल्यावर जीवच लागेना त्याचा. शिवनाथ नदीत लोकायले फिरवाचं म्हणून जुना डोंगा पाहिला. करारात कलम होतं, भांडण झालं तर कोर्ट नाही, पंच सांगन ते मानायचं. मी मस्करीत म्हटलं, "वामनच्या बायकोलेच करा पंच!" विकणारा हसला अन् त्यानं वहिनीचंच नाव लिहून सही केली.

पहिल्याच दिवशी डोंग्यात पाणी! विकणारा म्हणे, "डोंगा मस्त हाय, यालेच चालवता येत नाही."

वहिनी म्हणाल्या, "मस्त हाय? मंग भाऊ, तुमीच पलीकडे जाऊन दाखवा."

त्यानं भरल्या नदीकडे पाहिलं. "वहिनी, उद्याच फळ्या बदलवून देतो."

"बदलवा. अन् पहिल्या फेरीले माह्या बाजूले तुमीच बसान."