कार्डाला उसंत नाही

वहिनी: सकाळपासून तिसऱ्यांदा बंद पडला हा तुमचा कॉम्प्युटर, भाऊजी. या खेपेला तर मी हातही लावला नव्हता.

दीर: तापला असेल, वहिनी.

वहिनी: तापलाय हे शेजारच्यांनाही कळतं. दोन महिने पिठाच्या गिरणीत राहतेय मी. तुम्हाला बोलावलं ते कारण सांगायला.

दीर: ग्राफिक्स कार्डाचं पॉवर मॅनेजमेंट नीट बसलेलं नाही. काम नसताना कार्डाने वेग उतरवायला हवा. हे रिकामं असतानाही पळत राहतं, आणि खरं काम आलं की मान टाकतं.

वहिनी: कोणी बसवायचं होतं ते?

दीर: मी.

वहिनी: आणि ‘सुटे भाग आणतो, घरी जोडतो, वर ॲपलची मॅकओएस सिस्टिम चढवतो, दुकानातल्या मशीनच्या तोंडात मारेल’ हे कोण म्हणालं होतं?

दीर: मीच.

वहिनी: स्मरणशक्ती शाबूत आहे म्हणायची.

दीर: दहा मिनिटं द्या.

वहिनी: घ्या. पाच वाजता फिल्म महोत्सवाला फिल्म पाठवायची मुदत संपते. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या फिल्म कापल्या-जोडल्या मी, एडिटर म्हणून. ही पहिली माझ्या नावाची. तिची अखेरची फाइल बाहेर काढायला वीस मिनिटं लागतात, आणि तुमचं रत्न बाराव्या मिनिटाला डोळे मिटतं.

दीर: हं. सापडलं.

वहिनी: काय?

दीर: आपण कुठलं मॉडेल आहोत ते हे मशीन सिस्टिमला सांगतं. कार्डाच्या वेगाचे नियम त्या मॉडेलच्या नावावर लिहावे लागतात. मी मध्यंतरी मॉडेल बदललं. नियम जुन्याच नावावर राहिले.

वहिनी: म्हणजे पाहुण्याला नवीन नावाने घरात घेतलंत आणि जेवायला जुन्या नावाने हाका मारताय.

दीर: तसंच काहीसं. नियमांची फाइल माझी नव्हती, इंटरनेटवरच्या एका फोरमवरून उचलली होती.

वहिनी: वाचली होती का?

दीर: चालत होती.

वहिनी: आणि घरात हुशार कोण, तर धाकटा. तुमचे दादा सरळ दुकानातून आणू म्हणाले, तर त्यांनाच वेड्यात काढलंत. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दीर: बोला. बरोबर आहे तुमचं.

वहिनी: बरोबर असून काय उपयोग? साडेतीन वाजले.

दीर: झालं. परत चालू करतो.

(कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर उतरत उतरत थांबते.)

वहिनी: गेला?

दीर: चालू आहे. वेगाचा आकडा बघा, कार्ड निवांत बसलंय. लावा फिल्म.

वहिनी: लावते. एकदा सुरुवात ऐकते आणि काढते बाहेर... झालं. सुरू झाला पंखा.

दीर: नाही झाला.

वहिनी: अहो, घरघर ऐकू येतेय की.

दीर: फिल्म थांबवा.

वहिनी: थांबवली.

दीर: आता?

वहिनी: आता नाही.

दीर: फिल्मचं निवेदन कुठे बसून रेकॉर्ड केलंत, वहिनी?

वहिनी: इथेच. याच खुर्चीत. हेडफोनमध्ये ऐकतानाही वाटायचं, खोलीतलाच आवाज आहे.

दीर: किती मिनिटांचं आहे?

वहिनी: अकरा.

दीर: होईल. माईक लावा, परत रेकॉर्ड करा. मी बाहेर जाऊन थांबतो.

वहिनी: बाहेर कुठे? हे परत मेलं तर मी कोणाला बोलू? बसा तिथेच. फक्त श्वास जरा हळू घ्या.