जावेला दिलेली वायर

माझं माहेर कळवणकडचं, शेतावर वाढले, लग्न होऊन नाशकात द्वारकेजवळ आले, आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्यापासून मला लोकांना हसवायची हौस आणि थोडं रडवायचीपण. रडवायची जास्त. लिहून घ्या, लाजत नाय मी.

आमची दोन घरं, मध्ये एक भिंत, मीटर वेगवेगळे. पलीकडे धाकटा दीर आणि त्याची बायको सुनंदा. ती ब्लाउज शिवायची, मोटरच्या मशीनवर, आणि हात असा की कॉलेज रोडवरून बायका यायच्या. एकदा हळदीकुंकवाला सगळ्यांपुढे म्हणाली, आमच्या ताईंना मीटरभर कापड पुरत नाही. सगळ्या हसल्या, मीपण हसले. पण ते मी मनात ठेवून दिलं.

मग दिराला सिन्नरच्या कंपनीतून कमी केलं, बिल थकलं आणि एक दिवस वायरमन येऊन लाइट तोडून गेला. सुनंदा माझ्या दारात. ताई, आता काय करायचं हो? आता बघा, मला पक्कं माहीत होतं काय करायचं. आमचंही मागे थकलं होतं, मी स्वतः ऑफिसात जाऊन अर्ज दिला होता, साहेबानं हप्ते पाडून दिले, पहिला हप्ता भरला आणि लाइट जोडून मिळाली. पण मी तोंड पाडलं, असं, बघा, आणि म्हटलं, सगळं भरल्याशिवाय तिथं कोण उभं करत नाय बाई, उगाच अपमान करून घेशील, माझ्याकडून वायर घे.

खिडकीतून वायर दिली, बटण माझ्या स्वयंपाकघरात. पलीकडे मशीन टरर्र सुरू झालं की मी बटण बंद करायचे आणि मेथी निवडत बसायचे. ती यायची, ताई, लाइट गेली का? मी म्हणायचे, थांब, बघते हं. मग ती येताना चटणी आणायला लागली, माझे ब्लाउज फुकट शिवायला लागली, माझे पाय चेपले हो तिनं. मी चेपून घेतले.

एकदा नवरीचा ब्लाउज होता, संध्याकाळी न्यायला येणार होते, तो आवडला तर त्या लग्नघरचं सगळं शिवणकाम तिलाच मिळणार होतं. मी दुपारी बटण बंद केलं, दाराला कुलूप लावलं आणि भाजीबाजारात गेले. परत आले तर लोक अर्धा ब्लाउज उचलून घेऊन गेलेले आणि सुनंदा ओट्यावर बसलेली. रडत नव्हती. तेवढं मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी ती अपमान करून घ्यायला म्हणून ऑफिसात गेली. तिथल्या क्लार्कनं आडनाव बघितलं, पत्ता बघितला आणि म्हणाला, तुमच्याच घरातल्या मोठ्या बाई हप्ते करून गेल्यात की, त्यांना नाही विचारलं? संध्याकाळपर्यंत तिची लाइट आली. माझी वायर नीट गुंडाळून आणून दिली आणि एवढंच बोलली, "ताई, तुम्हाला माहीत होतं." मी हसले. दुसरं काय येतं मला?

आता माझ्या पोरीचं लग्न निघालंय. ब्लाउज सुनंदाकडेच टाकला, तिच्यासारखं कोण शिवतं. तिनं माप घेतलं, वेळेत दिला, एक सुरकुती नाय. पूर्ण पैसे घेतले, सुट्टे परत केले आणि म्हणाली, बघून घ्या मॅडम. इतक्या वर्षांची ताई मी, मॅडम झाले. पोरगी विचारते, काकू माझ्यामागे उभी राहील ना लग्नात? मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या लग्नाला कोण येतं गं.

तिचं भलं होवो. आणि तुमचं बिल थकलं तर सरळ ऑफिसात जा, हप्ते मागा. कुणाच्या दारात उभ्या राहू नका. माझ्या तर नाहीच.