दानात गेलेली वेताची खुर्ची

...आणि वर आमचा पोरगा, शरत, मलाच विचारतो, "अप्पा, सोफा नवा आहे, कळतं का तुम्हाला?" अरे बाबा, कळतं! न कळायला काय झालं? महिनाभर घरात दुसरं ऐकतोय काय मी? पाय वर घेऊ नका, सोफा नवा आहे! कॉफी तिकडं प्या, सोफा नवा आहे! तुम्हाला सांगतो, माझ्या लग्नात नवरीचंसुद्धा इतकं कौतुक झालं नव्हतं!

तर त्या सोफ्याला पुट्टीनं नखं लावली. पुट्टी म्हणजे आमची मांजर. आमची कसली, वेदवतीची! माझी बायको हो... वैशाखात गेली. नऊ वर्षं पुट्टी तिच्याच पायात घुटमळली. असो. सोफ्याची एक बाजू पार पिंजली, तसा शरत मेटगळ्ळीच्या कारखान्यातून येऊन बूट न काढताच ओरडला, "तिची नखं काढून टाका, कायमची! ऑपरेशन असतं, मोबाइलवर बघितलंय मी. नाहीतर बन्नूरला नेऊन उसात सोडतो!" आता मोबाइलवर बघितलं म्हटल्यावर ब्रह्मदेवाचं तरी काय चालतंय?

गेलो पुट्टीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात. तुंगा डॉक्टर म्हणजे एवढीशी पोरगी, पण माझ्याकडं असं बघितलं तिनं, जणू सोफा मीच बोचकारला! म्हणाली, "अंकल, नुसतं नख निघत नाही. बोटाचं शेवटचं पेर छाटावं लागतं, पुढच्या दहाही बोटांचं. तुमची छाटली तर?" मी गपकन मुठी मिटल्या. "आम्ही असलं करत नाही. दर पंधरवड्याला नखांची टोकं कापा, आणि खांबाला काथ्या गुंडाळून द्या. नखं पाजळणं तिला जेवणाइतकंच लागतं."

गुंडाळला! देवराज मोहल्ल्यातून काथ्या आणून, ह्या म्हाताऱ्या हातांनी, सगळी दुपार! पुट्टीनं वास घेतला, पाठ फिरवली आणि सरळ सोफ्याकडं. अय्यो, पुट्टी, नवा आहे गं तो!

डॉक्टरला फोन केला, तर ती विचारते, "अंकल, मग आधी कशावर पाजळायची?"

आधी... आधी वेदवतीची वेताची खुर्ची होती हो, खिडकीपाशी! वेदवती वर बसून अवरेच्या शेंगा सोलणार, पुट्टी खाली खुर्चीच्या पायाला नखं लावणार. खरर्, खरर्... आणि ती खुर्ची मीच बाराव्या दिवशी भटजींना दान दिली. गादी, छत्री, चपला आणि खुर्ची. वर स्वर्गात वेदवतीला बसायला हवी ना! मांजराचं कुणाच्या डोक्यात येतं? आणि खिडकीपाशी ओकं दिसायला लागलं, म्हणून तर शरतनं सोफा आणला!

धावलो आमच्या भटजींकडं. म्हटलं, "आचार्य, ती खुर्ची तेवढी द्या, बदल्यात नवी आणतो." व्यासराज आचार्यांनी कानांवर हात ठेवले. "नारायण, नारायण! उपेंद्रराव, दिलेलं दान परत? वहिनींना तिथं उभं राहावं लागेल हो!"

मी नाही मानत असलं काही, पण... तिचे गुडघे दुखायचे हो. फार दुखायचे. उभं नाही राहवायचं तिला.

जायला उठलो. मग आचार्यच म्हणाले, "खुर्ची नेता येत नाही, पण मांजर आणता येतं की. सुम्ने, मुकाट्यानं घेऊन या, ठेवून घेतो."

नेली. उसात सोडण्यापेक्षा बरं, नाही का? पुट्टी आत शिरली, खुर्चीला एक फेरी मारली, आणि खरर्, खरर्! बोटं शाबूत, नखं शाबूत. मी रोज संध्याकाळी जातो, शेजारी जमिनीवर बसतो. खुर्चीवर? छे हो, ती तिची!

परवा घरी आलो तर शरत एकटाच दारात उभा. आवाज एवढासा. "अप्पा, घर खायला उठतं हो. बसा की सोफ्यावर जरा, माझ्याजवळ."

मी म्हटलं, नको रे बाबा. सोफा नवा आहे.