थेंबाचं कडं

"ह्या औषधाचा एक थेंब पानावर पडला, की अळीचं खानदान संपलं," माजलगावचे औषध दुकानदार रामप्रसादशेठ म्हणाले.

अर्धी कपाशी अळीनं खाल्ली म्हणून आलेल्या बंकटनं रांगेतूनच त्या बाटलीकडं बोट केलं. तेवढ्यात पुढच्या आसारामभाऊंनी पिशवीतून कपाशीचं पान काढून काउंटरवर ठेवलं.

"थेंब पडला, शेठ. वाळला बी. पांढरं कडं राहिलं बगा."

"मग?"

"औषध सगळं कडंला गेलं. अळी मधी बसून जेवायली."

"थेंब पसरायला त्यात स्टिकर मिसळावं लागतं, भाऊ."

"मिसळलं की. तुमच्याकडूनच नेलतं."

"मग अळीच लबाड असंल."

"लबाड कशाची? कडं वलांडत न्हाई बिचारी."

बंकटनं बोट खाली घेतलं.

शेठ हळूच म्हणाले, "आसारामभाऊ, तेवढी अळी काउंटरवरून उचला. गिऱ्हाईक बघायलेत."