कोपऱ्या कुणाचा?

संपादक : ...पण तो यादीत नाही ना! प्राणी पकडायच्या व्हिडिओ-खेळावरून मांगा, म्हणजे जपानी धर्तीची चित्रकथा, काढायची म्हणजे खेळातलेच प्राणी काढायचे. शिंगवाले आहेत, पंखवाले आहेत, चिखलात लोळणारे आहेत. हा कुठेच नाही.

चित्रकार : कोपरा रिकामा दिसत होता. भरला.

संपादक : कोपऱ्यात झाड काढतात. दगड काढतात. मागे एकदा तुम्ही दगड काढलात, तेव्हा खेळाच्या कंपनीने कौतुक केलं होतं.

चित्रकार : दगडाचं?

संपादक : 'यादीनुसार' असा शेरा होता. त्यांच्याकडे याला कौतुक म्हणतात.

ताई : खिडकी लावते. पानं उडतायत.

संपादक : लावा, ताई, लावा. अहो, बहिणीला बसायला सांगा की. चार वर्षं येतोय, सारख्या उभ्याच दिसतात.

चित्रकार : अंक तर छापून बाजारात गेला. आता काय, माफी मागायची?

संपादक : माफी कसली! पोरं वेडी झालीत. बारसंसुद्धा करून टाकलंय, 'कोपऱ्या'. कुठे सापडतो, कुठल्या डबीत पकडायचा, विचारून विचारून डोकं खातायत. खेळात सापडेना म्हणून एक जण फोनवर रडला. आवाजावरून चाळिशीचा तरी असावा.

चित्रकार : मग?

संपादक : मग कंपनीला तो हवाय. खेळात, बाहुल्यांत, दप्तरांवर, दात घासायच्या ब्रशवर. आणि तुमचं नाव मुखपृष्ठावर, वरच्या बाजूला. आत्तापर्यंत मुंगीएवढं होतं.

चित्रकार : मुंगीला राग येईल.

संपादक : विनोद नंतर. त्यांचे वकील खाली गाडीत बसलेत. मला एका वाक्याखाली सही हवीय : 'हा प्राणी मी स्वतःच्या हाताने काढला.' सही झाली की प्राणी कंपनीचा, कायमचा.

ताई : वर का नाही आले वकील?

संपादक : ते वर आले की गोष्टी वाढतात. म्हणून मी येतो.

चित्रकार : समजा, हं, नुसतं समजा, पानाला दुसऱ्या कुणाचा हात लागला असेल तर?

संपादक : असलं काही समजायचंच नाही. करार वाचलाय ना? छापून येईपर्यंत पानं तुम्ही बघायची आणि मी बघायची. मी बायकोलासुद्धा दाखवत नाही. तिने कधी मागितली नाहीत, ते सोडा. तिसऱ्याचा हात लागला की तुम्ही बाहेर. मालिका दुसरा काढेल, रांग लागलीय. का विचारलंत?

चित्रकार : सहज.

संपादक : सहज विचारू नका. मला रक्तदाब आहे. थांबा, त्यांचाच फोन. हो सर! हो, समोरच बसलेत... जिन्यात जाऊन बोलतो, इथे आवाज नीट येत नाही.

(दार लोटलं जातं.)

चित्रकार : ताई.

ताई : हं.

चित्रकार : बोल ना काहीतरी.

ताई : सही कर.

चित्रकार : असं नको बोलूस. लहानपणी म्हणायचीस ना, 'घे, मोठा तुकडा तू खा', तसंच वाटतं. घशात अडकलेत सगळे तुकडे.

ताई : अडकले तरी गिळलेस. तुझ्या पेन्सिलवर शाई मी फिरवते. जंगलं माझी, ढग माझे, कौतुक झालेला दगडही माझा. तेव्हा बरा मोकळा होता घसा.

चित्रकार : नाव नको असं तूच म्हणाली होतीस!

ताई : दगडावर नको म्हणाले होते.

चित्रकार : मी खरं सांगितलं तर मालिका गेली. फक्त माझी नाही, आपली. मला दुसरं काय येतं, सांग? चाळिशी उलटली. शिंगं बरी काढतो, एवढीच माझी लायकी.

ताई : पंखही बरे काढतोस.

चित्रकार : थट्टा करू नकोस गं. नंतर आपण आपलं काहीतरी काढू. दोघांच्या नावाने. शप्पथ.

ताई : शपथा नकोत. मीही घाबरलेय, दगड नाहीये मी. तुला ठीक वाटतं ते कर. फक्त 'माझा' म्हणताना माझ्याकडे बघू नकोस.

(दार उघडतं.)

संपादक : झालं! आनंदीआनंद आहे खाली. वकील हसलेसुद्धा. आता एक बारीकसं काम. बाहुलीवाल्यांना तो तिन्ही बाजूंनी हवाय. समोरून, बाजूने, मागून. पेन्सिलने चालेल.

चित्रकार : आत्ता?

संपादक : प्राणी तुमचा, हात तुमचा. मुहूर्त बघायचाय का?

चित्रकार : हा घ्या समोरून.

संपादक : वा! तेच डोळे. आमच्या सासऱ्यांचे असेच आहेत. काहीतरी हवं असतं, पण मागणार नाहीत. बाजूने?

चित्रकार : हा.

संपादक : फक्कड. आता मागून. शेपूट आहे का हो? पोरांनी पैजा लावल्यात. अंकात भिंतीला पाठ लावून बसलाय, काही कळत नाही.

चित्रकार : असेल.

संपादक : असेल म्हणजे?

चित्रकार : आहे. काढतोय ना. अशी... आखूड.

संपादक : आखूड. छान. ससा म्हणूनही खपेल. करा सही.

चित्रकार : ताई, शेपूट आहे का गं त्याला?

संपादक : त्यांना काय विचारताय?

चित्रकार : ताई, सांग ना.

संपादक : एक मिनिट. तुम्ही आत्ता जे विचारलंत, ते मी ऐकलेलं नाही. अजून तरी नाही. पेन घ्या.

चित्रकार : मग आता नीट ऐका. तो हिने काढलाय. मी पान उचललं तेव्हा तो तिथे बसलेला होता. मागून कसा दिसतो, मला माहीत नाही.

संपादक : अहो, मालिका जाईल तुमची! मला खाली जाऊन हे सांगावं लागेल.

चित्रकार : सांगा.

संपादक : ताई, तुम्ही तरी समजवा यांना!

ताई : सरक जरा. ती शेपूट खोडू दे.