पाचवा कागद

मोंटानातल्या चांदमारीवर पाळीची वाट पाहत उभ्या असलेल्या आयरीनच्या कानावर पुढच्या दोघांचं बोलणं पडत होतं.

“मेबलकाकू, नवी रायफल शेवटी वठणीवर आणली. दुर्बिणीचे स्क्रू आवळले, नळी घासली, महागातल्या गोळ्या आणल्या. परवा हंगाम सुरू झाला की पहिलं हरीण माझं.”

“नेम बसतो का पण, ऑर्विल?”

“समोर बघा ना. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील.”

“कितव्या कागदावर?”

“चौथ्या.”

“चौथा माझा. तुझा पाचवा.”

“पाचव्यावर तर एकही भोक नाही.”

“ते मघाशीच पाहिलं मी.”

“तुमची रायफल कुठली, काकू?”

“ह्यांचीच, जुनी. नळी घासायची तेवढी राहून गेलीय.”

आयरीनला सहावा कागद मिळाला होता. तिने रखवालदाराकडे जाऊन अकरावा मागून घेतला.